आई-बाबांसोबत कॅरिबियन क्रूझ : सेंट लुशियात बोटीची सहल झेपेल का?

सानिका_शार्लट :

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत, शार्लटला असतील. नवऱ्याने उत्साहात सॅन हुआनहून निघणारी सात रात्रींची क्रूझ बुक करून टाकली आहे. सेंट थॉमस, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस आणि सेंट मार्टेन. निवांत सुट्टी हवी होती, पण आता रोज एक बेट आणि प्रत्येक बेटावर पन्नास सहली अशी यादी समोर आली आहे आणि मी गोंधळले आहे.

बाबा ७१ वर्षांचे. उजवा गुडघा बदललेला आहे. सपाटीवर मस्त चालतात, जिना एकेक पायरी करत. रक्तदाबाची गोळी चालू. आई ६६. गुडघे ठणठणीत, पण गाडी लागते. आम्ही चिपळूणचे, परशुराम घाट ओलांडेपर्यंत एसटीत तिचं काही खरं नसतं. आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा चिरंजीव, जो आत्तापासून घरात स्नॉर्केलचा मास्क लावून फिरतोय.

प्रश्न सेंट लुशियाचा आहे. कॅस्ट्रीजहून, म्हणजे जहाज लागतं त्या बंदरातून, सुफ्रिएर गावाला जायच्या दोन सहली दिसतात. एक कॅटामरानने, म्हणजे दोन सांगाड्यांच्या रुंद बोटीने: समुद्रातून पिटॉन डोंगर बघत जायचं, सुफ्रिएरला उतरून गंधकाचे झरे आणि बाग, जेवण, परत येताना एका किनाऱ्याशी थांबून पोहणं. दुसरीत हेच सगळं मिनीबसने. आईचं म्हणणं, "पाण्यातून नको गं बाई, बसच बरी." गंधकाचे झरे मात्र तिला बघायचेच आहेत, कारण लहानपणी ती उन्हवऱ्याच्या कुंडात आंघोळीला जायची. बाबांचं म्हणणं, "मला बार्बाडोसला केन्सिंग्टन ओव्हलचं क्रिकेट मैदान दाखवा, बाकी बेटं मी खिडकीतून बघतो."

दीर म्हणतो जहाजाकडून सहल घेऊच नका, धक्क्यावर उतरून अर्ध्या पैशात मिळते. कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं आहे का? खरंखुरं सांगा.


ह्यूस्टनकर :

क्रूझ बदलता येत असेल तर बदला. आम्ही गॅल्व्हस्टनहून पश्चिमेकडची केली होती. कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. मधले दिवस नुसता समुद्र, माणूस झोपा काढून ताजातवाना होतो. ग्रँड केमनला स्टिंगरे सिटी म्हणून जागा आहे. बोटीने नॉर्थ साउंडमध्ये नेतात, मध्यावर वाळूची पट्टी, कंबरभर पाणी, आणि हे मोठे मोठे स्टिंगरे मासे पायांत घुटमळतात. मुलाला वेड लागेल. सेंट लुशियाचे डोंगर काय, सह्याद्रीत कमी आहेत का?

सहल बाहेरूनच घ्या. जहाजवाले लुटतात. आम्हाला काही झालं नाही.


तारवटी :

सानिकाताई, मी वेंगुर्ल्याचा. क्रूझ जहाजांवर डेक खात्यात नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं टेंडर चालवायचो, म्हणजे जहाज बाहेर नांगरावर असलं की प्रवाशांना किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट. बहुतेक जहाजांवर त्या लाइफबोटीच असतात, शांत दिवशी टेंडर म्हणून वापरायच्या. आता घरी आहे, आंब्याची कलमं बघतो. त्यामुळे लांबलचक लिहायला वेळ आहे, वाचायला तुमच्याकडे असेल तर वाचा.

पहिलं म्हणजे कॅटामरान घ्या, बस नको. तुमच्या आईंसाठीच बोट बरी.

कॅस्ट्रीज ते सुफ्रिएर हा रस्ता बेटाच्या पश्चिम बाजूने जातो आणि तो सबंध घाट आहे. आंस ला रे, कॅनरीज ही गावं डोंगराच्या पायथ्याशी खाचेत बसली आहेत. प्रत्येक गावासाठी खाली उतरायचं, परत वर चढायचं, वळणावर वळण. मिनीबसचे ड्रायव्हर निष्णात, पण आपल्या आंबोलीत रात्रीची लक्झरी जशी खाली येते तसेच येतात. परशुराम घाटात ज्यांना लागतं त्यांना तिथे तासाभरात पिशवी लागणार, आणि संध्याकाळी तोच रस्ता परत.

आता समुद्राची बाजू ऐका. कॅरिबियनमध्ये वर्षभर वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. व्यापारी वारे म्हणतात ते हेच. पूर्वेच्या अंगाला अटलांटिक आपटत असतो, पश्चिमेच्या अंगाला बेटाचे डोंगर वारा अडवतात. कॅस्ट्रीज, मारिगो बे, सुफ्रिएर, पिटॉन हे सगळं त्या आडोशाच्या बाजूला आहे. खवळलेलं पाणी भेटतं ते दोन बेटांच्या मधल्या खाडीत, उत्तरेला मार्टिनिककडे आणि दक्षिणेला सेंट व्हिन्सेंटकडे. तुमची कॅटामरान तिथे जातच नाही. किनारा धरून तास-सव्वा तास खाली, तसंच वर. कॅटामरानला दोन सांगाडे, मध्ये रुंद डेक, त्यामुळे कुशीवर डुलणं फार कमी. परतीला दुपार उलटल्यावर दरीदरीतून वाऱ्याचे झोत येतात, तेव्हा थोडे हबके बसतील. डिसेंबर-जानेवारीत वारा जास्त भरलेला असतो, फेब्रुवारीतही एखादा दिवस तसा निघू शकतो. तेवढं धरून चाला.

आईंना पुढच्या जाळीवर बसवू नका. फोटो तिथे छान येतात म्हणून सगळे धावतात, पण सगळ्यात जास्त वरखाली तिथेच होतं आणि पाणीही तिथेच उडतं. डोलकाठीच्या मागे, मध्यावर, सावलीत बसवा. नजर किनाऱ्यावर ठेवायला सांगा, मोबाइलवर नाही. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. आमच्या जहाजावर कुणाला लागलं की आम्ही हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं द्यायचो, औषधापेक्षा त्यानेच कितीतरी लोक बसते व्हायचे. बोट लागू नये म्हणून घ्यायची मेक्लिझिनची गोळी अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते. ती निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, लागायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती चालत नाही, म्हणून बाबांना द्यायची झालीच तर आधी डॉक्टरला विचारा.

आता बाबा. लोक बोटीच्या सहलीला समुद्राला घाबरतात. मी इतकी माणसं चढवली-उतरवली, समुद्राने कुणाला इजा झालेली फार बघितली नाही. पडतात, लचकतात ते बोटीत पाय टाकताना आणि काढताना. तेव्हा सहल निवडताना डोंगर किती सुंदर हे बघू नका. चढउतार किती वेळा आणि कशावरून, हे विचारा.

ह्यूस्टनकर, राग मानू नका, पण तुमचं स्टिंगरे सिटी एकदा मोजू. ग्रँड केमनला जॉर्जटाउनमध्ये क्रूझ जहाज धक्क्याला लागत नाही, नांगरावर उभं राहतं. म्हणजे जहाजातून टेंडरमध्ये, टेंडरमधून किनाऱ्यावर, मग बसमध्ये, बसमधून दुसऱ्या बोटीत, बोटीच्या शिडीने पाण्यात. आणि हे सगळं उलट. गुडघा बदललेल्या माणसाला सुट्टीत एवढी कवायत कशाला? शिवाय लाट मोठी असली की कप्तान टेंडर बंद करतो, बेट लांबून बघायचं आणि पुढे जायचं. मासे मात्र खरेच बघण्यासारखे आहेत, त्यात वाद नाही. पूर्वी कोळी लोक खडकांच्या कडेच्या आत, शांत पाण्यात येऊन मासळी साफ करायचे, आतडी पाण्यात टाकायचे, त्या वासाला हे जमले आणि जमतच राहिले. तिथे पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून फरफटवत न्यायचा, म्हणजे अंगावर पाय पडत नाही. तरुण माणसांनी जरूर जावं.

सेंट लुशियात जहाज कॅस्ट्रीजला थेट धक्क्याला लागतं. गँगवेवरून, म्हणजे जहाज आणि धक्का यांच्यामधल्या छोट्या पुलावरून, चालत उतरायचं. त्याच बंदरातून कॅटामरान निघते. आणि एक गोष्ट आपल्या कोकणातल्या माणसाला पटकन कळत नाही. आपल्याकडे भरती-सुकतीत पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं, त्यामुळे सकाळी बोट जेटीच्या बरोबरीने असते आणि दुपारी शेवाळलेल्या पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी हा फरक अर्ध्या मीटरच्याही आत. सकाळी जशी पायरी तशीच संध्याकाळी. बाबा अलीकडे मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढले-उतरले असतील तर सेंट लुशियाची काळजीच नको.

पाय टाकताना काय करायचं ते त्यांना आधीच सांगून ठेवा. खलाशी हात पुढे करेल. त्याचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं; तोही यांचं मनगट धरेल. घामट, तेलकट पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. हातात पिशवी, फोन, टोपी काही नको. बोट वर येते तेव्हा एक क्षण थांबते, खलाशी "नाऊ" म्हणेल तेव्हा एक पाऊल, उडी नाही. आपले बाबा लोक मदत नको म्हणतात, स्वतःच कठडा धरतात. बोट आणि धक्का यांच्या मधल्या जागेत बोटं सापडलेली मी बघितली आहेत, म्हणून कठड्याला हातच लावायचा नाही. वर चढायचं असेल तर चांगला पाय आधी, म्हणजे तुमच्या बाबांचा डावा.

बुकिंग करण्याआधी एवढं लिहून विचारा: सुफ्रिएरला बोट जेटीला लागते की वाळूवर? काही कॅटामरान नाक वाळूत घुसवतात आणि पुढून शिडी सोडतात, मग गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. तसं असेल तर दुसरी सहल बघा. गावात उतरल्यावर बस किती वेळ, तेही विचारा. झरे गावापासून जवळ आहेत, पण तो तुकडासुद्धा चढाचाच आहे.

जहाजाकडून की बाहेरून? धक्क्यावर मिळणारी माणसं फसवी असतात असं मी म्हणणार नाही, स्वस्तही असतात. पण जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेतं. बाहेरची सहल उशिरा आली तर जहाज जातं. वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत असतात आणि खाली धक्क्यावर कुणीतरी चपला हातात घेऊन धावत असतं, हा देखावा आम्ही पुष्कळ बघितला. सुफ्रिएर लांब आहे, तिथे जहाजाचीच सहल घ्या. बार्बाडोसला बिनधास्त बाहेरची टॅक्सी घ्या.

बार्बाडोसवरून आठवलं. तिथेही कासवांबरोबर पोहायची कॅटामरान आहे, कार्लाइल बेला. ती घेऊ नका. दोन बेटांवर दोन बोटी म्हणजे निवांतपणा संपला. बाबांना ओव्हल बघू द्या. बंदरापासून अगदी जवळ आहे. आत सोडतात का याची त्या दिवसापुरती आधी चौकशी करा. तिथेच २९ जून २०२४ ला आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक घेतला, शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. पण तुमचे बाबा ७१ वर्षांचे म्हणजे त्यांना १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा जास्त आठवत असणार. वाडेकर कप्तान. याच ब्रिजटाउनला आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी १५० काढल्या आणि दुसऱ्या डावात गावसकर ११७ वर नाबाद. मी तेव्हा लहान, रेडिओ दुसऱ्यांच्या पडवीत.

त्या विश्वचषकानंतर आपला संघ बार्बाडोसलाच अडकला होता, बेरिल वादळामुळे. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा मोसम. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, ते उत्तम केलंत.

शेवटचं. रोज उतरलंच पाहिजे असं नाही. तुमच्या मार्गावर समुद्राचे दिवस जवळपास नाहीत. मग एखाद्या बेटाला म्हाताऱ्यांनी जहाजावरच राहावं. सगळे उतरले की जहाज रिकामं होतं, तरणतलावाजवळ खुर्ची मिळते, जेवायला रांग नसते. मी तर म्हणेन सेंट थॉमस सोडा. दुकानं आणि दागिने, बाकी गर्दी.


मिसिसागाची_मृदुला :

तारवटी काका, वा! मनगटाचं माहीत नव्हतं.

मी सासूबाईंना घेऊन हीच सहल केली आहे, म्हणून बायकांच्या बाजूने थोडं. सानिका, गंधकाच्या झऱ्यांना जाताना आईंच्या पायांतली जोडवी आणि चांदीचं जे काही असेल ते केबिनमधल्या तिजोरीत ठेवून जा. तिथल्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असतो, चांदी काळी पडते. आमच्या सासूबाई जोडवी काढायला तयार नव्हत्या, संध्याकाळी तळव्यावर घेऊन बघत बसल्या. सोन्याला काही होत नाही. फिकट रंगाचा पोहण्याचा पोशाखही नको, चिखलाचे डाग जात नाहीत.

आणि उन्हवरे डोक्यात ठेवून जाऊ नका. इथे दोन भाग आहेत. एकीकडे कठड्याशी उभं राहून उकळता राखाडी चिखल आणि वाफा बघायच्या. गाडी जवळपास ज्वालामुखीच्या तोंडाशी जाते, त्याचीच ते जाहिरात करतात. दुसरीकडे खाली कोमट-गरम पाण्याची डबकी, तिथे अंगाला चिखल फासून, वाळवून, धुवायचा. सगळ्या सहलींत दुसरा भाग नसतो, विचारून घ्या. पायऱ्या ओल्या असतात. रक्तदाबवाल्यांनी गरम पाण्यात फार वेळ बसू नये, बाबांना काठावर बसवा. कुजक्या अंड्यांचा वास येतो, आईंना मळमळत असेल तर हा भाग बोटीपेक्षा जड जाईल. खरं तर मी म्हणेन आई-बाबांनी झरे टाळून फक्त बाग बघावी. तिथला धबधबा खनिजांनी रंगलेला आहे, रस्ता सावलीचा, चालणं कमी. काका, तुम्ही याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

चिरंजीवांच्या बॅगेत लष्करी नक्षीची चड्डी किंवा टोपी असेल तर घरीच ठेवा. सेंट लुशिया आणि बार्बाडोस दोन्हीकडे ती नक्षी साध्या नागरिकांना कायद्याने बंद आहे, मुलांनासुद्धा.

खाण्याचं: जहाजावर पहिल्याच संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य वेटरला गाठून सांगितलं की आदल्या दिवशी ऑर्डर घेऊन डाळ-भात-भाजी करून देतात. खाकरा, चिवडा कारखान्याच्या बंद पाकिटातला न्या, घरी केलेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही. चहाची विजेची किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आमची गेली होती.

सेंट लुशियात जेवणात 'ग्रीन फिग' आली तर अंजीर समजू नका, उकडलेली कच्ची केळी असतात. तिथे ती खाऱ्या माशासोबत खातात, तेव्हा शाकाहारींनी वेगळी मागायची. कॅस्ट्रीजच्या बाजारात चण्या-बटाट्याची रोटी मिळते. १८५९ पासून तिथे हिंदुस्थानातून मजूर नेले होते, ही रोटी त्यांच्या घरांतून आली.


सानिका_शार्लट :

काका, मृदुला, खूप खूप आभार. आईला काकांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. घाटाचं वर्णन ऐकून ती स्वतःच म्हणाली, बोटीनेच जाऊ. बाबा सरदेसाईंचं वाचून खुश, आता तुमचा पत्ता विचारतायत.

जहाज कंपनीकडून उत्तर आलं. सुफ्रिएरला जेटी आहे, वाळूत उतरायचं नाही. झऱ्यांना फक्त कठड्यावरून बघणं, मग बाग, मग जेवण. परत येताना पोहायला थांबतात तेव्हा मागच्या शिडीने उतरायचं, कुणाला नको असेल तर डेकवर बसायचं.

अजून थोडे प्रश्न. मुलगा पोहतो, पण तरणतलावात. समुद्रात स्नॉर्केल करू द्यावं का? बाबांची भीती वेगळीच: जहाज सुटायची वेळ चुकली तर? ते मनगटी घड्याळच वापरतात, फोन बघत नाहीत. आणि पासपोर्ट-व्हिसाचं काही राहिलंय का?


तारवटी :

मृदुलाताईंचं बरोबर आहे, झऱ्यांबद्दल मी लिहिलं नाही. आम्हा खलाशांना गावात उतरायला मिळालं तर आम्ही फुकटचं वायफाय आणि घरी फोन करायला जागा शोधायचो, ज्वालामुखी कोण बघतो. त्यांचं ऐका. फक्त तुमच्या सहलीत नुसतं कठड्यावरून बघायचं आहे, तेवढ्याला आईंना जाऊ द्या. नाकाला पदर लावून उभ्या राहतील. उन्हवऱ्याची माणसं गंधकाच्या वासाला घाबरत नाहीत.

मुलाला स्नॉर्केल जरूर करू द्या, पण लाइफ जॅकेट घालून, आणि तुमच्यापैकी एकजण पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर. तलावात पोहणाऱ्या मुलाला समुद्रात दोन गोष्टी नव्या असतात. तळ दिसतो पण पाय टेकत नाही, आणि नाकात खारं पाणी गेलं की तो घाबरून मास्क उपटतो. घरी मास्क लावून फिरतोय ते चांगलंच आहे, आता बाथटबमध्ये तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घ्यायची सवय करा. शिडीने वर येताना बोट हलत असते, पायातले फिन आधी काढून खलाशाकडे द्यायचे, मग चढायचं. सुफ्रिएरच्या आसपासचा समुद्र राखीव आहे. पोवळ्यांवर उभं राहायचं नाही, काही उचलायचं नाही, हे त्याला आधी बजावा.

पोहून झालं की बोटीवर रम पंच वाटतात. गोड, लाल, बर्फ घातलेला. बाबांना सरबत वाटेल. रक्तदाबाची गोळी, ऊन, रम आणि त्यानंतर धक्क्यावर पाय टाकायचा, हे गणित मला आवडत नाही. त्यांनी संध्याकाळी जहाजावर घ्यावा, तिथे लिफ्ट आहे. आईंना पाणी आणि लिंबू द्या. टोपीला दोरी लावा, वाऱ्याने उडालेली टोपी आणायला कुणी मागे वळत नाही.

घड्याळाचं तुमच्या बाबतीत सोपं आहे. फ्लोरिडाहून निघणाऱ्यांचा घोळ होतो, कारण हिवाळ्यात बेटांची वेळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असते आणि जहाज कोणत्या वेळेवर चालतंय ते रोज बघावं लागतं. सॅन हुआन आणि तुमची सगळी बेटं एकाच वेळेवर आहेत, बारा महिने. शार्लटहून विमानात बसलात की बाबांना घड्याळ एक तास पुढे करायला सांगा, आणि घरी परत येईपर्यंत हात लावू नका. तरी जहाजातून उतरताना गँगवेपाशी पाटीवर परत यायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. ती वेळ जहाज सुटायच्या बरीच आधीची असते, साधारण अर्धा तास. सुटायची वेळ लक्षात ठेवणारेच धावताना दिसतात.

कागदपत्रं. सॅन हुआन अमेरिकेचंच, त्यामुळे तिथपर्यंत देशातल्या देशात. पण जहाज निघालं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात आणि परत आत येणार. आई-बाबांच्या व्हिसावर अनेक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे आजच पासपोर्ट उघडून बघा. पासपोर्टाशिवाय क्रूझ करता येते असं जे कानावर येतं ते अमेरिकन नागरिकांसाठी, ते मनातून काढून टाका. भारतीय पासपोर्टवर एकेका बेटाचा नियम वेगळा, आणि तो बदलतो. जहाज कंपनीला पाचही बेटांची नावं लिहून, पासपोर्ट कोणत्या देशाचा ते लिहून, लेखी उत्तर मागवा. फोनवर सांगितलेलं धरू नका. चढायच्या दिवशी काउंटरवरून माघारी पाठवलेली कुटुंबं बघितली आहेत, सामानासकट. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर त्याचं वेगळं, तुमचं वेगळं, आई-बाबांचं वेगळं.

आई-बाबांच्या विम्यात जहाजावरचा दवाखाना आणि बेटावरून विमानाने हलवणं येतं का, तेही वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, फुकट नसतो. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते.

सुफ्रिएरला जेवणात तळलेले ब्रेडफ्रूटचे काप मिळाले तर घ्या. आपला नीरफणस तो. बाबा ओळखतील.

पत्ता इथे देत नाही, पण वेंगुर्ला बंदरावर येऊन तारवटी कुठे राहतो विचारलंत तर कुणीही दाखवेल. मे महिन्यात या, कलमं लागलेली असतात.